तक्तपोशी

तक्तपोशी हा शब्द आता फारसा कानांवर येत नाही. कौलांच्या किंवा पत्र्याच्या खाली वाशांना फळ्या मारून जे सपाट लाकडी छत करतात, त्याला जुन्या घरांत हे नाव होते. कडीपाट निराळा, कडीपाटावर वरच्या मजल्याचा भार असतो. तक्तपोशीवर कसलाच भार नसतो. शब्द फारसीतून आला आहे. तख्ता म्हणजे फळी आणि पोश म्हणजे झाकणारे. पायपोस, पलंगपोस हे तिचेच भाऊबंद. परंतु पायपोस पायाचे काट्यांपासून रक्षण करतो आणि पलंगपोस गादीचे धुळीपासून. तक्तपोशी छपराचे रक्षण कशापासून करते? ऊन वरून येते, पाऊस वरून येतो, आणि ती तर छपराच्या खाली असते. म्हणजे ती छपराला वाचवत नाही. आपल्याला वाचवते, आणि तेही बऱ्याच अंशी छपराच्या दर्शनापासून. केवळ झाकण्यासाठी जन्माला आलेली अशी वस्तू घरात दुसरी क्वचितच सापडेल. म्हणूनच तिच्याकडे पाहताना एक जुना प्रश्न मनात नव्याने उभा राहिला : झाकणे आणि लपवणे यांत फरक कोठे आहे?

हा प्रश्न मला पडला तो वाशिंदला, आमच्या जुन्या घरात. वाशिंद हे मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरचे, खडवली आणि आसनगाव यांच्यामधले स्टेशन. हा शहापूर तालुक्याचा मुलूख. पावसाळा असा की महिना महिना कपडे वाळत नाहीत, आणि उन्हाळा असा की भर दुपारी अंगण अनवाणी ओलांडता येत नाही. घरावर पूर्वी मंगलोरी कौले होती. माकडांनी ती फोडावीत आणि आम्ही दर वैशाखात घर शाकारून घ्यावे, असा कित्येक वर्षांचा क्रम होता. पुढे कौले चाळणारी माणसे मिळेनाशी झाली आणि घरावर पत्रा आला. पत्र्याला वाशिंदमध्ये काय तोटा! १९८०च्या दशकापासून गावाला लागूनच पोलादी पत्र्याचा मोठा कारखाना आहे आणि तेथे जस्त चढवलेले, रंगवलेले पत्रे तयार होतात.

पत्रा गळत नाही, पण तापतो. चैत्र-वैशाखात दुपारी बारा ते चार त्याच्याखाली बसणे म्हणजे झाकण ठेवलेल्या तव्यात बसणे. पाऊस सुरू झाला की त्याचा ताशा वाजू लागतो आणि शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. निरोगी माणूस हे सहन करतो, कारण तो उठून ओटीवर जाऊ शकतो. थोरले बंधू अण्णा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना ती सोय उरली नाही. उताणे पडलेल्या माणसाला घराच्या चारही भिंतींहून छप्पर अधिक दिसते. आपल्या डोक्यावर काय आहे हे आपल्याला एरवी सांगता येणार नाही. आजाऱ्याला मात्र प्रत्येक वासा आणि प्रत्येक जळमट पाठ होते. एक दिवस अण्णा म्हणाले, "वर काहीतरी करा रे. हा पत्रा माझ्या छातीवर ठेवल्यासारखा वाटतो."

असे हे तक्तपोशीचे काम निघाले. पुतण्याने बाजारातील प्लॅस्टिकच्या पट्ट्या सुचवल्या. त्या स्वस्त असतात, दोन दिवसांत बसतात, आणि त्यांच्यावर सागाच्या शिरा छापलेल्या असतात. परंतु जुन्या छपराच्या सागवानी तुळया आणि वासे गोठ्यात पडून होते. ते आरागिरणीत चिरून घेतले तर आवश्यक तेवढ्या फळ्या निघतील असा सुताराने हिशेब केला, आणि लाकडाचे ठरले. लोखंडाच्या मानाने लाकूड उष्णतेला शेकडो पटींनी सावकाश वाट देते. शिवाय पत्रा आणि फळी यांमध्ये जी हवा कोंडलेली राहते तीही ऊन अडवते. तेव्हा तक्तपोशी केवळ डोळ्यांसाठी असते असे मी वर जे सुचवले ते पुरते खरे नव्हे. अंगाला आणि कानांनाही तिचा उपयोग असतो. झाकण्यानेही कधी कधी खरोखरच सुख होते, हे आधीच मान्य करून पुढे गेलेले बरे.

हे काम मी जवळून पाहिले. सुतार पन्नाशीचा, आसपासच्याच एका गावचा होता. फळ्या चिरून आल्या त्या दिवशी त्याने त्यांना हात लावला नाही. खोलीतच पट्ट्यांवर एकावर एक रचून, मध्ये हवा खेळेल अशा बेताने, तीन आठवडे ठेवल्या. ज्या खोलीत राहायचे तिच्या हवेची ओळख लाकडाला आधी व्हावी लागते. झाड तोडून पन्नास वर्षे झाली तरी लाकूड ओल पिते आणि सोडते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात फळीला फळी घट्ट भिडवून ठोकली, तर आषाढात त्या एकमेकींना रेटू लागतात आणि छत खाली पोटासारखे सुटते. म्हणून एका फळीच्या कडेला जीभ आणि दुसरीच्या कडेला खोबण काढतात. जीभ खोबणीत शिरते, पण आत थोडी जागा मोकळी राहते. फळी त्या जागेत हलते आणि फट बाहेर दिसत नाही. खिळा एकाच कडेला, जिभेतून तिरपा मारायचा, म्हणजे पुढच्या फळीची खोबण त्याचे डोके झाकून टाकते. काम पुरे झाल्यावर खाली उभे राहून पाहिले तर शेकडो खिळ्यांपैकी एकही दिसत नाही.

आणखी एक गोष्ट त्याने केली. फळ्यांना जवसाचे तेल लावताना त्याने दोन्ही बाजूंना लावले. वरची बाजू पत्र्याकडे जाणार, ती कोणाला दिसणार? मी तसे विचारले तेव्हा त्याने हसून सांगितले की एकाच बाजूला तेल लावले तर दुसरी बाजू ओल पिते आणि फळी पन्हळीसारखी वाकते. न दिसणारी बाजू कोरडी सोडली तर दिसणारी बाजू सरळ राहत नाही. हा त्याच्या दृष्टीने लाकडाचा स्वभाव होता, नीतीचा पाठ नव्हे. मीही तो तसाच घेतला.

काम संपत आले तेव्हा कोपऱ्यातील एक हातभर लांबीची फळी त्याने खिळ्यांनी न ठोकता चार पितळी स्क्रूंनी बसवली. तिला जीभ ठेवली नाही. स्क्रूंची डोकी उघडी राहिली. एवढ्या एकसंध छतात ते चार पिवळे ठिपके डोळ्यांत खुपत होते. मी विचारले, "ही एकच अशी का?"

"काका, घराला डोळा नको का? पत्रा कुठं गळला, वाळवी कुठं लागली, उंदरानं वायर कुरतडली, तर बघणार कुठून? सगळंच ठोकून टाकलं तर एक दिवस आख्खं छत तोडावं लागंल."

"मग निदान ती ओळखू येणार नाही अशी करा."

"ओळखू आलीच पायजे," तो म्हणाला. "मी काय जन्मभर इथं असणार हाय? उद्या दुसरा कोणी येईल. कुठली फळी निघते ते त्याला कळायला नको?"

तो आपल्या कामाला लागला. मी मात्र त्या फळीखाली बराच वेळ उभा होतो, कारण त्या घरात त्याच सुमारास आणखी एक तक्तपोशी चालली होती आणि तिच्यात अशी एकही फळी नव्हती.

अण्णांना पोटाचा कर्करोग होता आणि तो हाताबाहेर गेलेला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी हे पुतण्याला सांगितले. मी गावी पोचलो तेव्हा घरात सारे ठरून गेले होते. अण्णांना आतड्याला व्रण आहे, बरे व्हायला वेळ लागेल, असे सांगायचे. कागदपत्रे वहिनींच्या कपाटात, लुगड्यांखाली. भेटायला येणाऱ्याला ओटीवरच गाठून काय बोलायचे आणि काय नाही हे समजावायचे. हे सगळे प्रेमापोटी चालले होते याविषयी मला शंका नव्हती आणि आजही नाही. एका माणसाचे बोलणे दुसऱ्याच्या बोलण्यात इतके बिनफट बसवलेले होते की खिळा कोठे मारला आहे हे बाहेरच्याला कळू नये.

झाकणे हेच मुळात असत्य आहे, असे मानणारे लोक आहेत. मी त्यांच्यापैकी नव्हे. इंग्रज लेखक जॉन रस्किन याने १८४९ साली वास्तुकलेवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला त्यात इमारतींच्या खरेखोटेपणाचा फार बारकाईने विचार आहे. विटांच्या भिंतीवर गिलावा केला तर तो तिला लबाडी म्हणत नाही. गिलावा हा गिलावाच असतो आणि आत दुसरे काही आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते. लाकडावर संगमरवराच्या शिरा रंगवल्या तर मात्र ती लबाडी. इमारतीवर चढवलेला सोन्याचा मुलामा त्याला चालतो, कारण ती इमारत भरीव सोन्याची आहे असे कोणालाच वाटत नाही. दागिन्यावरचा मुलामा चालत नाही, कारण तेथे तसे वाटते. पुढे १८९८ साली व्हिएन्नाचा वास्तुकार अडॉल्फ लोस याने आच्छादनाच्या तत्त्वावरच एक लेख लिहिला. जे झाकले आहे आणि ज्याने झाकले आहे, त्या दोहोंची गल्लत होऊ नये एवढेच त्याचे म्हणणे. लाकूड कोणत्याही रंगाने रंगवा, फक्त लाकडाच्या रंगाने रंगवू नका, असे तो म्हणतो. पुतण्याने आणू म्हटलेल्या त्या पट्ट्या मला का रुचल्या नाहीत हे येथे मला उमगले. त्या झाकत होत्या म्हणून नव्हे. आपण साग आहोत असे त्या सांगत होत्या म्हणून.

लाकडाने छत मढवण्याचा आपल्याकडील फार जुना दाखला वाशिंदपासून तसा लांब नाही. आमची रेल्वे थळघाट चढते. दुसरी बोरघाट चढून लोणावळ्याला जाते, आणि त्या वाटेवर कार्ल्याची लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाचे कमानदार छत अखंड कातळात कोरलेले आहे. त्याला कशाचाही आधार लागत नाही. तरीही त्या छताखाली सागवानी कमानी, एकामागून एक, फासळ्यांसारख्या बसवलेल्या आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षांनंतरही त्यांतल्या पुष्कळशा जागच्या जागी आहेत. दगडात कोरण्यापूर्वी अशी सभागृहे लाकडाची बांधत, त्यांची ती आठवण. कोणी म्हणेल, भार न वाहणारी कमान हे ढोंगच की. मला तसे वाटत नाही. दोन फासळ्यांच्या मध्ये कातळ उघडा दिसतो. आपण कशाला लावलेल्या आहोत हे त्या कमानी क्षणभरही विसरू देत नाहीत. त्याच चैत्यगृहाच्या दरवाजाशी धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. राजांची नावे शोधावी लागतात अशा काळातला एक सुतार आपल्याला नावाने माहीत आहे.

म्हणजे सोंग वेगळे आणि आच्छादन वेगळे, एवढे सहज मान्य होईल. परंतु आमच्या घरातील प्रश्न सोंगाचा नव्हता. वहिनी अण्णांच्या उशाशी बसून "आज जरा तोंडावर तेज आहे," असे म्हणत तेव्हा त्या सोंग करत नव्हत्या. त्यांना ते तेज दिसत असे. येथे रस्किन पुरत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट याच्याकडे जावे तर तो फार कठोर आहे. मारेकरी दारात येऊन तुमचा मित्र घरात आहे का असे विचारू लागला तरी खोटे बोलण्याचा अधिकार तुम्हांला नाही, असे त्याने १७९७ साली लिहून ठेवले. आजाऱ्याच्या खाटेजवळ बसून हे वाक्य वाचावे आणि मग त्याच्याशी सहमत व्हावे, असे काही माझ्याने झाले नाही. आपला धर्मराज कांटहून अधिक मवाळ. त्याने अश्वत्थामा मेला हे मोठ्याने सांगितले आणि हत्ती हळूच म्हटला. शब्द अक्षरशः खरे होते, तरी जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली आला. फळी अस्सल सागाची होती. परंतु द्रोणांना ती उघडून पाहता येऊ नये अशा रीतीने ठोकलेली होती.

त्या सुताराच्या बोलण्यामुळे मला प्रश्नाचा रोख बदलावासा वाटला. किती झाकले, काय झाकले, खऱ्याने झाकले की खोट्याने, हे सारे प्रश्न झाकणाऱ्याच्या बाजूचे आहेत. खरा प्रश्न झाकणाखाली राहणाऱ्याच्या बाजूचा आहे : त्याला वर पाहावेसे वाटले तर पाहता येईल का? आणि पाहता येते, हे त्याला ठाऊक आहे का? दोन्हींचे उत्तर होय असेल तर ते आच्छादन. त्यातले एकही नाही असेल तर ती लपवणूक, मग ती कितीही मायेने केलेली असो. निघणारी फळी कोणती हे दिसत नसेल तर ती असून नसल्यासारखीच, हे त्या सुताराने मला शिकवले. "त्यांनी विचारलं असतं तर आम्ही सांगितलंच असतं," असे कित्येक घरांत मागाहून म्हणतात. ज्या घरात विचारायला जागाच ठेवलेली नसते तेथे या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

कायद्याच्या भाषेत हे आता लिहिलेही गेले आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची जी सनद तयार केली, तीत स्वतःच्या आजाराची माहिती मिळण्याचा हक्क आहे. परंतु सनद इस्पितळाच्या भिंतीवर लावता येते. घरात ती कोठे लावणार? घरात हक्कांची भाषा बोलू लागले की माणसे दुखावतात. घरात वाट काढावी लागते.

मी वाट काढली ती अशी. एका संध्याकाळी खोलीत आम्ही दोघेच असताना मी म्हणालो, "अण्णा, तुमच्या दुखण्याबद्दल काही विचारावंसं वाटलं तर मला विचारा. मी खरं तेच सांगेन. नाही विचारलंत तर आपण होऊन काही बोलणार नाही." अण्णा वर पाहत राहिले. काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी सकाळी पुतण्या भाताच्या बियाण्याबद्दल विचारून गेला, तेव्हा अण्णांनी मला जवळ बोलावले आणि विचारले, "लावणी बघेन का रे मी?"

मी म्हणालो, "लावणी बघाल. कापणीचं सांगता येत नाही."

त्यांनी मान हलवली. पाणी मागितले. मग म्हणाले, "ताईला निरोप धाड." मुरबाडच्या आमच्या बहिणीशी त्यांचे अकरा वर्षे बोलणे नव्हते. कारण जमिनीचे होते. तेवढे सांगितले की पुरे. ती आली, चार दिवस राहिली. दोघांत काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. अण्णांनी पुतण्याला बसवून कोणाचे किती देणे आहे ते सांगितले. त्यातली दोन देणी कोठेच लिहिलेली नव्हती. खाट ओटीवर हलवून त्यांनी लावणी पाहिली. भाद्रपदात ते गेले.

ही हकीकत मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून सांगत नाही, कारण तिची दुसरी बाजू आहे आणि ती वहिनींची आहे. त्या मला एकदाच बोलल्या, तेराव्यानंतर. "भाऊजी, त्या दिवसापासून ते रात्री जागे असायचे. तुम्हांला ते ठाऊक नाही, तुम्ही ओटीवर झोपायचा. मी त्यांच्याजवळ होते. मला ते झोपलेले हवे होते." याला माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही. तक्तपोशीने सुख होते हे मी आधीच कबूल केले आहे. ती उघडली की ऊन आत येते हेही तितकेच खरे. ज्याने उघडायचे ठरवले तो आणि ज्याला त्या उन्हात बसावे लागले ती, ही दोन वेगळी माणसे असू शकतात. मी एवढेच म्हणू शकतो की प्रश्न अण्णांनी विचारला होता. पाच दिवस त्यांनी तो विचारला नाही, तेव्हा ते पाच दिवसही त्यांचेच होते. मृत्यू त्यांचा होता. तो कोणाच्या हाताने झाकायचा आणि कोणाच्या हाताने उघडायचा हे ठरवण्याचा पहिला मान त्यांचा. वहिनींची झोपमोड या हिशेबात बसत नाही. ती वेगळी मांडावी लागते आणि तिची भरपाई होत नाही.

घरापुरता हा विचार येथे थांबवता आला असता. पण वाशिंदला राहणाऱ्याला तो थांबवता येत नाही. आमच्या फळ्या जुन्या छपराच्या निघाल्या, आणि ते लाकूड आजोबांच्या काळी याच जंगलातून आले होते. शहापूर आणि मुरबाड हा सागाचा मुलूख. १८५५ साली कल्याणहून रेल्वे निघाली ती वाशिंदपर्यंत येऊन थांबली. पुढे १८६० साली ती आसनगावला आणि १८६१ साली कसाऱ्याला पोचली. अशा रीतीने काही वर्षे आमचे हे लहान गाव लोहमार्गाचे शेवटचे टोक होते. रुळांखालच्या पट्ट्या, पूल, स्टेशने, मुंबईची घरे, या साऱ्यांना लाकूड हवे होते. मुंबई इलाख्यात १८४७ सालीच डॉक्टर गिब्सन हे पहिले वनसंरक्षक नेमले गेले होते. पुढे १८७८ आणि १९२७ सालचे वन कायदे आले. ज्या ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या पायांखाली ते जंगल होते त्यांना आपल्याच रानातले लाकूड परवानगीवाचून तोडता येईनासे झाले. त्यांच्या हक्काची कायद्यात नोंद व्हायला २००६ साल उजाडावे लागले. त्यांची घरे कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली. त्यांना तक्तपोशी नसते. चुलीचा धूर सरळ छपरात जातो आणि वरच्या बांबूंना कीड लागू देत नाही. तो धूर बायकांच्या डोळ्यांतही जातो, म्हणून त्या उघडेपणाचे गोडवे मी गाणार नाही. परंतु सागवानी छताखाली आरामात पडलेल्या माणसाला फळीच्या वरचे हे सारे दिसत नाही, एवढे मात्र नमूद केले पाहिजे.

पाण्याचेही तसेच आहे. तानसा तलाव १८९२ साली पुरा झाला, पुढे वैतरणेवर आणि भातसेवर धरणे झाली. मुंबईच्या पाण्याचा फार मोठा वाटा शहापूर तालुक्यातून जातो. आणि दर उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना टँकरने पाणी पोचवावे लागते. येथे कोणी खोटे बोललेले नाही. नळ ही काही लबाडी नव्हे. तो गिलाव्यासारखा आहे, आत नळी आहे हे सर्वांना ठाऊक असते. फक्त तो इतका बिनफट बसवला आहे की तोटी फिरवणाऱ्याला वर पाहण्याचे निमित्त मिळत नाही. शहर म्हणजे अशा कितीतरी तक्तपोश्यांची रास. त्या काढून टाका असे कोण म्हणेल? मी स्वतः तीस वर्षे तेच पाणी प्यालो आहे. पण प्रत्येक छतात ओळखू येईल अशी एक फळी असावी आणि अधूनमधून कोणीतरी शिडी लावून ती काढावी, एवढी अपेक्षा अवास्तव नसावी. पूर्वी शाकारणीच्या निमित्ताने वर्षातून एकदा छप्पर उघडे पडत असे. पत्र्याने आपली ती कटकट वाचवली, आणि वर्षातून एकदा वर पाहण्याची सवयही त्याबरोबर गेली.

ईशावास्य उपनिषदात एक प्रार्थना आहे. सत्याचे मुख सोन्याच्या पात्राने झाकलेले आहे, आणि ऋषी पूषन् देवाला ते दूर करण्याची विनवणी करतो. लहानपणी ही प्रार्थना पाठ केली तेव्हा मला वाटे की ऋषीचे त्या झाकणाशी वैर असावे. आता ती पुन्हा वाचताना दिसते की झाकणाविषयी त्याने एक वावगा शब्द काढलेला नाही. उलट त्याला तो सोन्याचे म्हणतो. ते कोणी घातले असे विचारत नाही, फोडून टाक असेही म्हणत नाही. मी सत्याला बांधलेला आहे आणि मला पाहायचे आहे, म्हणून ते बाजूला कर, एवढेच त्याचे मागणे. पाहण्याची इच्छा त्याची आहे आणि झाकण दूर करण्याचे सामर्थ्य दुसऱ्याकडे आहे. अशा वेळी मागणाऱ्याचे तोंड बंद राहील अशी व्यवस्था करणे, हेच मला लपवणुकीचे खरे लक्षण वाटते. पाहिल्यानंतर रात्री झोप लागते की नाही, याविषयी तो ऋषी काही सांगत नाही. ते आपले आपणच पाहायचे आहे.